आजोबांचं पेव पुन्हा भरताना: चौदा महिन्यांच्या नोंदी

गाव मंगळवेढा तालुक्यात, मी राहायला सोलापुरात. मध्ये साधारण पंचावन्न किलोमीटर. काम शनिवार-रविवारी आणि सणावारीच झालं, म्हणून तारखांमध्ये मोठी अंतरं आहेत. ज्यांच्या घरात जुनं पेव आहे आणि त्यात पुन्हा ज्वारी साठवावी असं मनात आहे, त्यांच्यासाठी या नोंदी ठेवल्या. वजनं, खर्च आणि चुका जशा झाल्या तशा लिहिल्यात.

14 नोव्हेंबर 2023, दिवाळी पाडवा

सोप्यातली, म्हणजे घराच्या पुढच्या ओसरीतली, शहाबादी फरशी खचली होती. ती उचलताना खाली एक गोल, सपाट दगड निघाला, दोन हात रुंद. थोरल्या चुलतीनं लांबूनच ओळखलं. "थांबा रे, ते पेव आहे. मामंजींचं."

वर्तमानपत्रात रोज कशाचं ना कशाचं 'पेव फुटलेलं' असतं, आपणही बोलताना सहज म्हणतो. पेव म्हणजे जमिनीत खणलेलं धान्याचं कोठार, हे माझ्या मुलीला आज पहिल्यांदा कळलं. दगड उचलला नाही. आधी माहीतगार माणूस गाठायचा ठरवलं.

19 नोव्हेंबर

शेजारच्या आळीतले आबा, वय चौऱ्याऐंशी, लहानपणी पेवात उतरलेले. पोरांचं अंग बारीक, म्हणून तळातली ज्वारी काढायला पोरांनाच उतरवायचे. ते काठी टेकत आले आणि सोप्यात बसूनच सगळं सांगत राहिले.

दगड बाजूला केला. तोंड दोन फुटांचं, खाली फूटभर गळा, मग पोट सुटत गेलेलं. मोठा रांजण जमिनीत पुरावा तसा आकार. मी मोबाइलची बॅटरी लावून पाहिलं, तळ स्वच्छ दिसला, शिडी सोडायला लागलो. आबांनी माझा दंड धरला. "उजेड दिसला म्हणून उतरायलास का? आधी कंदील सोड."

कंदील दोरीला बांधून सोडला. सहा-सात फुटांवर वात बारीक झाली आणि विझली. पुन्हा पेटवून सोडला, तिथंच विझला.

हे काम करणाऱ्यानं बाकी काही वाचलं नाही तरी एवढं वाचावं. पेवात धान्य असो की नसो, बंद जागेतला प्राणवायू संपतो आणि कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असल्यामुळे तळाशी साचून राहतो. बॅटरी तिथं छान जळते, माणूस मात्र दोन श्वासांत कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही जातो. आबांच्या आठवणीत अशी दोन माणसं एकाच घरातली गेलेली आहेत. मी त्या दिवशी उतरलो असतो.

तोंड रात्रभर उघडं ठेवलं, भोवती बाजा आडव्या लावल्या, लेकरांना सोप्यात यायची बंदी.

26 नोव्हेंबर

गेला आठवडाभर तोंड उघडंच होतं. तरी सकाळी आधी जुनी चादर दोरीला बांधून तासभर वरखाली हलवली, मग तोंडाशी उफणणीचा पंखा लावला. कंदील तळाला टेकवून अर्धा तास जळत ठेवला. तो जळतो म्हणजे पूर्ण खात्री झाली असंही नाही. म्हणून उतरणाऱ्याच्या काखेखालून दोर, वर दोन गडी, आणि दर मिनिटाला हाक. हाकेला ओ आली नाही की विचारपूस न करता ओढायचं.

आतून मापं घेतली. खोली नऊ फूट, पोटाचा सर्वांत रुंद भाग सहा फूट. तळाशी काळ्या भुकटीचा वीतभर थर. जुना कडबा आणि त्यात अडकून राहिलेली ज्वारी. पाच घमेली निघाली.

पश्चिमेकडची भिंत हाताला ओली लागली. वर बघितलं तर त्याच अंगाला न्हाणी.

3 डिसेंबर

न्हाणीची मोरी जुन्या भाजक्या नळांची, सांधे सुटलेले, पेवापासून साडेतीन फुटांवर. ती उकरून प्लास्टिकचा पाइप टाकला आणि सांडपाणी घराच्या दुसऱ्या अंगानं काढलं. 4,200 रुपये. पेवाला हात लावायच्या आधीच एवढे गेले, पण हे टाळता येणारं नव्हतं. पेवाच्या आसपास पाण्याची ओळ असेल तर पेवाचा विचार तिथंच सोडावा.

भिंत सुकायला ठेवली. तोंडावर जाळी.

10 डिसेंबर

आज काम थोडं, गप्पा जास्त. पण त्यातून एक गोष्ट नीट कळली, ती लिहून ठेवतो.

माझी कल्पना अशी होती की हे पेव जमलं तर दुसरं एक मोठं रानात, वस्तीजवळ खणावं. आबांनी तिथंच थांबवलं. "काळीत पेव होतंय व्हय?"

आपल्याकडे जमिनीचे दोन रंग. काळीत पिकवायचं, पांढरीत राहायचं. गावठाणाची माती पांढरी, पिढ्यान्‌पिढ्यांची राख, पडलेल्या भिंती आणि माळवदाचा, म्हणजे मातीच्या सपाट छताचा, मुरलेला चिखल यांची. मंगळवेढ्याची काळी पाणी धरून ठेवते, म्हणून तर आमची ज्वारी पावसाळा संपता संपता पेरून नुसत्या ओलीवर येते. सोलापूरचा पाऊस वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. एवढ्यावर कणीस भरतं ते या मातीच्या जोरावर. पण हीच माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात तडकते. भेगेत हात कोपरापर्यंत जातो. अशा मातीत पेव खणलं तर पहिल्या उन्हाळ्यात भिंतीला चीर, पहिल्या पावसात धान्याला पाणी. पांढरी माती फुगत नाही, फाटत नाही. म्हणून जे काळीनं दिलं ते पांढरीनं सांभाळायचं, अशी वाटणी.

आमचं पेव सोप्यातच का, हेही मग कळलं. वर माळवद, त्यामुळे पाऊस थेट नाही, आणि रात्री त्याच दगडावर अंथरूण टाकून कुणीतरी झोपलेलं. चोराला आधी माणूस उठवावा लागणार.

24 डिसेंबर

भिंती सुकल्या. लिंपण सुरू. पांढऱ्या मातीची एक खेप 1,200 रुपयांना मिळाली. माती, शेण आणि ज्वारीचं भुसकट एकत्र तुडवून दोन दिवस भिजत ठेवलेलं. वेळ वाचवायला मी एकाच दिवशी दोन-अडीच बोटं जाडीचा थर मारून घेतला.

7 जानेवारी 2024

सगळा थर तडकला, दक्षिणेकडचा निम्मा खाली आला. खालचा ओला असताना वरचा सुकला की असंच होणार. पूर्ण खरवडून काढला. आता अर्ध्या बोटाचा थर, तो सुकल्यावर दुसरा, मग तिसरा. चुलती म्हणाली, "चूल लिंपताना कधी बघितलं नाहीस का?" रोज बघितलं होतं.

नुकसान: दोन गड्यांची दोन दिवसांची मजुरी 2,000 रुपये आणि दोन आठवडे.

15 जानेवारी, संक्रांत

सोलापुरात सिद्धेश्वराची यात्रा, घरचे सगळे तिकडे. मी इथं. दुसरा थर स्वतः मारला. दुपारी चुलतभावाच्या रानात हुरडा. शेणाच्या गोवऱ्यांच्या आरात कणसं भाजून, हातावर चोळून, शेंगाच्या चटणीबरोबर. या साली हुरडा कमीच. ऑगस्ट कोरडा गेला, 1901 पासूनच्या नोंदींतला देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट तो. पेरणीला ओल जेमतेम होती.

संध्याकाळी चुलतीला विचारलं की हे पेव शेवटचं कधी उघडलं. ती सत्तरीची, लग्न होऊन आली तेव्हा सोळा वर्षांची. उत्तर आलं, "बहात्तरला."

1972च्या दुष्काळात आजोबांनी पेव उघडलं तेव्हा त्यात आदल्या दोन सालांची ज्वारी होती. आळीतल्या पाच घरांना पायलीनं मोजून दिली. त्या काळी उसनं धान्य दिढीनं फेडायची रीत, एक पायली नेली तर दीड आणायची. आजोबांनी सांगितलं, जेवढी नेली तेवढीच आणा, जमेल तेव्हा. तीन घरांनी आणली, दोघांना नाही जमलं, त्याबद्दल कधी बोलणं झालं नाही. पेव रिकामं झाल्यावर हे घरसुद्धा दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलं. रेशनवर अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो ज्वारी. "भाकरी थापायला गेलं की काठ फाटायचे. लेकरं रडायची, ही नको म्हणून. आणि मला आठवायचं की दोन महिन्यांपूर्वी या फरशीखाली मालदांडी होती."

मंगळवेढ्यात लहान मूलसुद्धा दामाजीपंतांची गोष्ट सांगतं. दुष्काळात त्यांनी बिदरच्या बादशहाची कोठारं उपाशी लोकांसाठी उघडली, आणि त्या धान्याचे पैसे भरायला विठ्ठल विठू महार होऊन दरबारात गेला. मी ही गोष्ट शंभर वेळा ऐकली. कोठार उघडणं म्हणजे घरातल्या माणसाच्या पोटात काय होत असेल, ते आज चुलतीच्या तोंडून ऐकलं.

नंतर पेव भरलंच नाही. हायब्रीड आली, रेशन दुकान आलं, पोतं खळ्यावरनंच आडतीला जायला लागलं. उजनी धरण 1980ला पूर्ण झालं, पुढं जिथं जिथं पाणी पोचलं तिथं ऊस. उसाला पेव लागत नाही.

4 फेब्रुवारी

तिसरा थर सुकला. आत वाळलेला पालापाचोळा आणि तुरीच्या काड्या पेटवल्या. भिंत भाजून कोरडी होते आणि किडेही मरतात. जाळानंतर आतली हवा पुन्हा विषारी होते, त्यामुळे चार दिवस कुणी उतरायचं नाही.

10 मार्च

ज्वारी काढली. आमच्यात अजून उपटूनच काढतात. हाताच्या तळव्यांना फोड आले. बुचाडं, म्हणजे कणसांसकट ताटांचे ढीग, लावून आठवडाभर रानात ठेवायची, मग कणसं मोडायची. खळं आता कुणी करत नाही, मळणीयंत्रच आलं. तीन एकरांत नऊ क्विंटल. बऱ्या सालात एकरी पाच-सहा होते.

वाण मालदांडीच, मोहोळच्या शेती संशोधन केंद्रात 1930च्या दशकात निवडलेली एम 35-1. नव्वद वर्षं होत आली तरी भाकरीसाठी लोक हीच मागतात. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

24 मार्च

भरणी. पेवाची क्षमता काढली होती. अस्तर धरून आत सोळा-सतरा क्विंटल बसेल. अर्धवट भरलं तर वर हवा राहते, आणि हवा राहिली की कीड जगते. म्हणून चुलतभावाकडून सात क्विंटल विकत घेतली, 3,400 रुपये भावानं 23,800.

तळाला वीतभर भुसकट, त्यावर कडबा. भिंतीला कडब्याचं अस्तर, पेंढ्या उभ्या लावून दाबत न्यायच्या आणि धान्य चढेल तसं अस्तर चढवायचं. साठ पेंढ्या, 1,500 रुपये. धान्य ओतलं की एक जण आत पायानं दाबणार, दोर बांधूनच. संध्याकाळी सातला गळ्यापर्यंत भरलं. वर भुसकट, दगड, दगडाच्या कडेनं चिखल.

चुलतीनं दगडावर हळदीकुंकू वाहिलं. आम्ही सगळे थोडा वेळ नुसते उभे राहिलो.

28 एप्रिल

दगडाच्या कडेचा चिखल ओलसर दिसला. बाहेर 42 अंश ऊन आणि चिखल ओला. कान लावला, हात लावला, दगड कोमट. उघडलं.

आंबूस वास घरभर. वरच्या हातभर थरात ज्वारी एकमेकीला चिकटून ढेपळं झालेली, पांढरी-हिरवी बुरशी. रात्रभर हवा जाऊ दिली, दुसऱ्या दिवशी कंदील सोडून मग काढायला सुरुवात केली.

1 मे

सगळी ज्वारी वर. दीड दिवस आणि चार माणसं लागली. मधला गाभा चांगला, पण दाणा नरम. वरचा थर आणि भिंतीलगतची मिळून 140 किलो गेली. ती जनावरांनाही घातली नाही. बुरशीचं धान्य गुराला घालू नये, गाभण गाईला तर नाहीच. उकिरड्यात पुरली. तेव्हाच्या भावानं जवळपास 4,800 रुपये. चुलती तिथं आलीच नाही.

काय चुकलं ते दोन दिवस शोधलं. आडतीवरच्या मापकावर शिल्लक ज्वारी 14 टक्के ओलीची निघाली. म्हणजे भरताना तेवढी तरी होतीच. यंत्रानं मळल्यावर पोती थेट घरात आणली, अंगणात पसरलीच नाहीत. पूर्वी खळ्यावर कणसं वाळायची, मळणी, उफणणी, रास, यात पंधरा-वीस दिवस ऊन आपोआप लागायचं. खळं गेलं आणि त्याबरोबर ते ऊनही गेलं, हे माझ्या लक्षात आलं नाही. दुसरी चूक, कडबा नवा. हाताला वाळलेला लागला, पण पेरात ओल होती. अस्तरासाठी गेल्या सालचाच कडबा हवा. आबा दोन्ही गोष्टी सांगू शकले असते. मी विचारलं नाही, कारण माझ्या मते त्या विचारण्यासारख्या नव्हत्या.

5 ते 26 मे

दोन ताडपत्र्या, 3,600 रुपये. माळवदावर ज्वारी चार बोटं जाड पसरून, दर दोन तासांनी पायानं चर पाडत. संध्याकाळी गोळा करून झाकायची, कारण वळवाचा नेम नाही. 18 तारखेला रात्री वळीव आलाच. पोती आत घेतलेली होती, वाचलं.

आबांची कसोटी: दाणा दाढेखाली धरायचा. दबला तर ओला, कट्ट वाजून फुटला तर वाळला. 20 मेला कट्ट वाजला. मापकावर साडेदहा टक्के. वजन चौदा क्विंटलच्या थोडं खाली आलं, बाकी पाणी उडून गेलं.

रिकाम्या पेवाला तोवर पुन्हा एक पातळ थर देऊन, पुन्हा जाळ केला.

2 जून

मृगाच्या आत पेव मिटलं पाहिजे, त्यानंतर हवेतच दमटपणा. जुना कडबा शोधायला तीन वस्त्या फिरलो, शेवटी 1,500 रुपयांत साठ पेंढ्या मिळाल्या. ज्वारी उन्हातून उचलून तशीच गरम ओतायची नाही, रात्रभर घरात निवू द्यायची. गरम धान्याला पेवात घाम सुटतो. वरची रिकामी जागा वाळलेल्या भुसकटानं ठासून भरली. दगड, चिखल, आणि चिखल सुकून चिरा पडल्या की तीन दिवस पुन्हा पुन्हा लिंपण.

एक पोतं ज्वारी तुलनेसाठी बाहेर कोठीत ठेवलं, काहीही न घालता. शिवाय बियाण्याची चार पायली वेगळी, राख चोळून मडक्यात.

सप्टेंबर, ऑक्टोबर

काही नाही. दगड कोरडा, थंड. दर खेपेला हात लावून बघतो. कोठीतल्या पोत्यात सोंडे, म्हणजे धान्य पोखरणारे किडे, दिसू लागले.

19 जानेवारी 2025

साडेसात महिन्यांनी उघडलं. शनिवारी सकाळी दगड काढला, कंदील गळ्यातच विझला. ते बघून या वेळी बरं वाटलं. आतला प्राणवायू संपलेला म्हणजे किडा जगलेला नाही. पंखा, चादर, रात्रभर उघडं. आज सकाळी कंदील जळला आणि चुलतभाऊ उतरला.

वरचं भुसकट कोरडं. ज्वारी सळसळून घमेल्यात पडली. भिंतीलगत कडब्याशेजारची साधारण 35 किलो पिवळसर पडली होती, वासाची, बुरशी नाही. ती वेगळी काढली. बाकी तेरा क्विंटलच्या वर स्वच्छ. मेलेले सोंडे मूठभर, जिवंत एकही दिसला नाही. बाहेरच्या पोत्यातली ज्वारी मात्र टोकून पिठाळली होती, मूठ दाबली की हाताला पीठ.

वास आहे. आंबूस नाही, जमिनीसारखा. आबा म्हणाले, पेवाची ज्वारी असाच वास देते, दोन दिवस वारा दिला की जातो.

चुलतीनं त्याच दिवशी दळून भाकरी केली. रंग बाहेरच्यापेक्षा किंचित पिवळा, पीठ पाणी थोडं जास्त घेतं, भाकरी फुगली आणि काठ फाटले नाहीत. तिनं पहिला तुकडा तोंडात घालून बराच वेळ चावला. "मामंजींच्या वेळची होती तशीच आहे," म्हणाली, आणि उठून दुसरी थापायला गेली.

26 जानेवारी

शंभर-शंभर दाणे ओल्या फडक्यात बांधून ठेवले होते. पेवातले 22 उगवले, राखेच्या मडक्यातले 91. पेवातली ज्वारी पेरायची नाही, ही जुनी माणसं सांगतात ती गोष्ट आमच्या घरात तरी तंतोतंत निघाली. बियाणं कायम वेगळंच ठेवा.

खर्च एकत्र: मोरी 4,200, दोन गड्यांची चार दिवसांची मजुरी 4,000 (वाया गेलेले दोन दिवस धरून), माती 1,200, कडबा दोन वेळचा 3,000, ताडपत्र्या 3,600, दोर आणि किरकोळ 900. एकूण 16,900. विकत घेतलेली ज्वारी आणि सडलेली वेगळी. पैशाच्या हिशोबात हवाबंद प्लास्टिकच्या पिशव्या स्वस्त पडतात, आणि ज्यांच्या घरात पेव नाही त्यांनी नवं खणायच्या भानगडीत पडू नये. गावठाणात आता जागोजागी नळ आणि गटारं आहेत.

आळीतल्या ज्या पाच घरांना बहात्तरला ज्वारी दिली होती, त्यांतली तीन अजून इथं आहेत. चुलतीनं तिघांकडे एकेक पायली पाठवली. एका घरातून संध्याकाळी पायली परत आली, शेंगांनी भरून.

उरलेली अकरा क्विंटल आठ दिवस वारा देऊन परत आत जाईल. त्याआधी वरच्या गळ्याला लिंपण हवंय, उत्तरेकडे बोटभर चीर दिसतेय. पुढच्या शनिवारी भुसकट भिजत घालतो.